थँक्सगिव्हिंग ते १ जानेवारी: लागोपाठचे चॅरिटी रन कसे बसवायचे?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपने यंदा उत्साहाच्या भरात सुट्ट्यांतले पाच चॅरिटी रन एकदम नोंदवून टाकलेत. थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी सकाळी ५ मैलांचा टर्की ट्रॉट, लगेच शनिवारी फूड बँकेसाठी १० किमी, त्याच्या पुढच्या आठवड्यात रविवारी जिंगल बेल रन (बुटाला घुंगरं बांधून पळायची) ५ किमी, मग शनिवारी सांता रन ५ किमी, आणि १ जानेवारीला सकाळी आणखी एक ५ किमी. सगळे न्यू जर्सीत.

सध्या आठवड्याला २५-२८ किमी पळणं चालू आहे, ५ किमीला साधारण २७ मिनिटं लागतात. दुखापत कुठलीही नाही. प्रश्न असे:

१. पाचही जोरात पळता येतील का? नसतील तर जोर कुठे लावायचा? गुरुवार-शनिवारमध्ये तर एकच दिवस मोकळा आहे.
२. शून्याच्या आसपासच्या थंडीत कपडे किती घालायचे? आणि तो सांताचा डगला घालून खरंच पळतात का?
३. देणगीसाठी त्याच त्याच लोकांना पाच वेळा विचारायचं म्हणजे जिवावर येतं. यावर काही तोडगा?

घड्याळवाला

पाचही जोरात? नाही. दोन जोरात, एक मध्यम, दोन निव्वळ मजेत.

जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकांचा एक सोपा हिशोब आहे: शर्यतीच्या दर ३ किमीमागे एक दिवस हलका ठेवायचा. त्याहून जुना आणि कडक नियम म्हणजे दर मैलामागे एक दिवस. पहिल्या हिशोबाने ५ मैलांनंतर जवळजवळ तीन दिवस हलके हवेत, दुसऱ्याने पाच. तुमच्याकडे आहे एक. म्हणजे गुरुवार आणि शनिवार दोन्ही ताकदीने पळणं गणितातच बसत नाही. त्यात गोची अशी, की जोरात पळल्यानंतरची स्नायूंची दुखी लगेच येत नाही. ती २४ ते ७२ तासांत कळसाला पोचते. गुरुवारी सकाळी ताणलंत तर शुक्रवारी जेमतेम जाणवेल आणि शनिवारी सुरुवातीच्या रेषेवर उभं राहाल तेव्हा मांड्या लाकडासारख्या झालेल्या असतील. मार्गावर उतार जास्त असेल तर आणखीच, कारण उतारावर स्नायू लांबत असताना ब्रेक मारतो आणि खरी झीज तिथे होते.

मी असं बसवेन. गुरुवारचे पहिले ३ किमी ६:१५ च्या पेसने (म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं १५ सेकंद), पुढचे ५ किमी ५:५० ने. तुमच्या २७ मिनिटांवरून ५ मैलांची पूर्ण ताकदीची वेळ अंदाजे साडेचव्वेचाळीस मिनिटं निघते, म्हणजे ५:३३ चा पेस. त्याच्या १५-२० सेकंद मागे राहायचं. शुक्रवारी पळायचं नाही, ३० मिनिटं चालायचं. शनिवारचे १० किमी ६:४० ते ७:०० मध्ये, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल असे. रविवार-सोमवार सुट्टी. मंगळवारी ५ किमी हलके आणि शेवटी २०-२० सेकंदांचे चार वेगवान तुकडे. गुरुवारी ४०० मीटरचे चार तुकडे, प्रत्येकी २ मिनिटं १० सेकंदांत, मध्ये २ मिनिटं रमतगमत. शनिवारी २० मिनिटं हलकं, आणि रविवारी जिंगल बेलला पूर्ण जोर. आधीच्या शर्यतीपासून आठ दिवसांचं अंतर, सपाट ५ किमी, चांगली वेळ नोंदवायची तर तिथेच. सांता रन ड्रेसमध्ये असल्यामुळे तिथे घड्याळ घरीच ठेवा. मग १ जानेवारीपर्यंत जवळजवळ तीन आठवडे मिळतात, तो पुन्हा जोरात चालेल.

एक गोष्ट हमखास विसरली जाते: वॉर्म-अप आणि कूल-डाउनचे किलोमीटर. "फक्त ५ किमी" म्हणता म्हणता आधीचे २ आणि नंतरचे दीड धरून साडेआठ होतात. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात दोन शर्यती धरूनच तुमचे २०-२२ किमी भरतील. सोमवार-मंगळवार मिळून ५-६ किमीच्या वर जाऊ नका. नेहमीचा २८ चा आठवडा आणि वर शर्यती, असं केलं की डिसेंबरच्या मध्यावर पोटरी बोलायला लागते.

आणि टर्की ट्रॉटला चांगली वेळ नोंदवायचा नाद नकोच. हजारो माणसं, बाबागाड्या, कुत्री, टर्कीच्या टोप्या. पहिला किलोमीटर नागमोडी जातो. बफेलोचा टर्की ट्रॉट १८९६ पासून चालू आहे, म्हणजे बोस्टन मॅरेथॉनपेक्षा एका वर्षाने जुना, पण बहुतेकांच्या लेखी तो जेवणाआधीचा कार्यक्रमच आहे.

पोटरीपुराण

घड्याळवाल्यांच्या वेळापत्रकाला +१. फिजिओच्या बाजूने थोडी भर.

अशा हंगामात ज्या तक्रारी घेऊन लोक येतात त्यांत पोटरी आणि टाचेवरची शीर सर्वांत पुढे. कारण अंतर नव्हे, वेग. वर्षभर सहा-साडेसहाच्या पेसने पळणारा माणूस थंडीत अंग न तापवता साडेपाचने सुटतो, आणि पहिल्या ५०० मीटरमध्येच पोटरीत आतून चिमटा बसतो. शून्य अंशात वॉर्म-अप उन्हाळ्याच्या दीडपट हवा: १२-१५ मिनिटं हलकं पळणं, पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं प्रत्येकी दहादा, मग २० सेकंदांचे चार तुकडे. हे सगळं सुरुवातीच्या ५-८ मिनिटं आधी संपलं पाहिजे. अर्धा तास आधी करून मग रांगेत कुडकुडत उभं राहिलात तर केलेलं वाया.

दोन शर्यतींच्या मधल्या दिवशी स्वतःला तपासायची सोपी पद्धत: एका पायावर दहा उड्या. दोन्ही मांड्या सारख्याच जड असतील तर ती साधी दुखी, चालण्याने मोकळी होते. एकाच बाजूला, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल तर शनिवार सोडा. नडगीच्या हाडावर बोटाएवढ्या जागेत दुखत असेल आणि उडी मारली की कळ येत असेल तर हाडाला ताणाची चीर पडल्याची शंका घ्यायची आणि आधी डॉक्टर गाठायचा. जी दुखी पळायला लागल्यावर कमी होते ती एकवेळ चालेल. जी दर किलोमीटरला वाढते ती नाही.

दुखी दाबायला शर्यतीआधी आयबुप्रोफेन घेऊ नका. इशारा दबतो, आणि अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

थंड कोरड्या हवेत काहींच्या श्वासनलिका आकसतात. पळून थांबल्यावर ५-१० मिनिटांनी खोकला आणि छातीत शिट्टी ही त्याची खूण. तोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) ओढून पहिले दोन किलोमीटर नाकातोंडातून हवा गरम करून घेतली तर बराच फरक पडतो. डॉक्टरांनी इन्हेलर दिलेला असेल तर तो सुरुवातीच्या साधारण १५ मिनिटं आधी. नुसती सर्दी असेल तर हलकं पळता येतं. ताप, अंगदुखी किंवा छातीत कफ असेल तर अजिबात नाही, कारण विषाणूची लागण अंगात असताना ताणून पळण्यात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. देणगी दिलेलीच आहे, पळालं नाही म्हणून ती परत जात नाही.

काकडआरती

कपड्यांचा नियम एकच: बाहेर जे तापमान आहे त्यापेक्षा ८-१० अंश सेल्सिअस जास्त आहे असं समजून कपडे घाला. उभं असताना थोडी थंडी वाजली पाहिजे. उभ्या उभ्या उबदार वाटत असेल तर दुसऱ्या किलोमीटरला घाम, आणि शेवटी तो घाम गार होऊन हुडहुडी.

० ते ३ अंशांसाठी: अंगालगत पातळ सिंथेटिक किंवा मेरिनो लोकरीचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, वारा असेल तरच वर पातळ विंडचीटर, खाली टाइट्स, कान झाकणारी पट्टी, हातमोजे. सुती बनियन नको, तो घाम धरून ठेवतो. हातमोज्यांत चार बोटं एकत्र राहणारे मिटन जास्त ऊब देतात. उणे ५ च्या खाली गेलं तरच दुसरा थर. हलकं पळणार असाल तर एक थर जास्त, जोरात पळणार असाल तर एक कमी.

वर एक जुनाट स्वेटशर्ट घालून रांगेत उभं राहायचं आणि निघताना कडेला टाकायचा. पुष्कळ शर्यतींत असे कपडे गोळा करून गरजूंना देतात. फक्त त्यात गाडीची किल्ली नाही ना ते बघा.

बूट रात्री गाडीत ठेवू नका. साध्या फोमचा तळवा गारठला की दगड होतो आणि पहिले दोन-तीन किलोमीटर पाय आपटत राहतात. ओले झाले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वाळवा. हीटरवर ठेवले की गोंद सुटतो.

आता सांताचा डगला. पळतात, पण तो ड्रेस शिवणारा पळणारा नसतो. कापड पॉलिस्टर फेल्ट, हवा खेळत नाही. त्यामुळे आत फक्त पातळ टी-शर्ट आणि टाइट्स, थर्मल नको. पँटची नाडी भरवशाची नसते. ती टाइट्सला दोन्ही बाजूंनी सेफ्टी पिनने अडकवा, आणि पाय लांब असतील तर दुमडू नका, कापा. दुमडलेलं उलगडतं आणि पायात येतं. दाढी सर्वांत त्रासदायक: उच्छ्वासाने भिजते, तोंडाला चिकटते. फोटोपुरती लावा, मग हनुवटीखाली ओढा. पट्टा वर-खाली होतो, त्यावर बिब (शर्यतीतल्या क्रमांकाचा कागद) लावायचं नाही.

एडिसनकर

भरपूर मिळालं, आभार! बर्फाबद्दल विचारायचं राहिलं. आणि बिब ड्रेसच्या आतून चालतं का? जिंगल बेलच्या घुंगरांचं काय करतात?

मागची रांग

मी शर्यतींच्या व्यवस्थेत असतो, त्यामुळे हे माझ्याकडे.

बिबच्या मागे जी पातळ पट्टी असते ती वेळ नोंदवणारी चिप. ती दुमडायची नाही, चुरगळायची नाही, तिच्यावरून पिन जाता कामा नये. ती अंगाला घट्ट चिकटली किंवा तिच्यावर फॉइलचं पांघरूण आलं की रस्त्यावर अंथरलेल्या, वेळ टिपणाऱ्या मॅटला सिग्नल नीट पोचत नाही. कापडाच्या एका थरातून चिप सहसा वाचली जाते. तरी बिब पुढच्या बाजूला, सगळ्यांत वरच्या कपड्यावर, चार पिनांनी लावा, कारण चिप चुकली तर आम्ही फोटो आणि आकडा बघूनच वेळ भरतो. गेल्या शर्यतीचं बिब जाकिटावर तसंच राहिलं असेल तर काढा.

आपलं बिब दुसऱ्याला देऊ नका. "मी येत नाही, तू पळ" यात प्रेम असेल, पण तो कोसळला तर आमच्याकडे तुमच्या घरचा नंबर असतो. शिवाय साठीच्या काकांच्या बिबवर पंचविशीतला पुतण्या पळाला की वयोगटाचं बक्षीस भलत्याकडे जातं. बऱ्याच ठिकाणी नाव बदलण्याची किंवा आपापल्या ठिकाणी पळण्याच्या (व्हर्च्युअल) प्रकारात जाण्याची सोय असते, पण मुदतीआधी. परतावा सहसा नसतो, हवामानामुळे रद्द झाली तरी नसतो. नोंदणी करताना ते कलम वाचा.

टर्की ट्रॉटचं बिब बुधवारी किंवा त्याआधी घ्या. गुरुवारी सकाळी टेबलापाशी लांब रांग असते आणि रस्ते बंद झाल्यावर पार्किंग मिळत नाही. रांगेत आपल्या पेसच्या पाटीपाशी उभं राहा. चालणारे आणि बाबागाडीवाले पूर्ण मागे. बाबागाडी आणि कुत्र्यांना काही शर्यतींत मनाई असते, आधी बघा.

बर्फ: पडलेल्या बर्फापेक्षा डांबरावर न दिसणारा काचेसारखा थर घातक. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही वारा लागतो. रंगवलेले पट्टे, गटाराची झाकणं, ओली पानं या जागा टाळा. तिथून जावंच लागलं तर पावलं छोटी, पाय थेट अंगाखाली पडेल अशी, आणि वळणाआधी वेग कमी. बुटावर चढवायचे, रबरी पट्ट्यांत बसवलेले काटे मिळतात, पण रस्ता ७०-८० टक्के कोरडा असेल तर ते घसरणीपेक्षा जास्त त्रास देतात. हंगामभर बर्फात पळणारे जुन्या बुटात ३/८ इंची षटकोनी डोक्याचे पत्र्याचे स्क्रू मारतात, कडेकडेने एका बुटाला १०-१२. पातळ तळव्याच्या, हवेच्या पिशव्या असलेल्या किंवा आत प्लेट असलेल्या बुटाला हे करू नका.

घुंगरं लेसमध्ये खालच्या भोकांपाशी ओवा आणि वर नेहमीची दुहेरी गाठ. गाठीलाच बांधली तर ती हलून गाठ सोडवतात. १०० मीटर पळून बघा, पायाच्या हाडावर आपटत असतील तर एकच ठेवा. बरोबरच्यांना ५ किमीभर तो नाद ऐकायचा असतो, याचाही विचार व्हावा.

हिशोबनीस

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळेना, म्हणून.

पाच शर्यती, पाच संस्था, पाच पानं, आणि तोच मराठी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. हे चालत नाही. दुसऱ्या आवाहनालाच लोक अंगठा दाखवून पुढे जातात. पाचांतली एक संस्था निवडा, तिच्याच पानासाठी मागा. उरलेल्या चार ठिकाणी तुमची नोंदणी फी हीच तुमची मदत. आवाहन दोनदा: एक थँक्सगिव्हिंगनंतरच्या मंगळवारी, म्हणजे गिव्हिंग ट्यूसडेला, दुसरं २८-२९ डिसेंबरला, करवर्ष संपण्याआधी. संदेश चार ओळींचा: संस्था काय करते, किती रकमेत काय होतं, शेवटची तारीख, लिंक. "जमेल तेवढं द्या" यापेक्षा "पाच शर्यती मिळून ३३ किमी, किलोमीटरला एक डॉलर" असं लिहिलंत तर लोकांना आकडा ठरवावा लागत नाही. पहिली देणगी स्वतःची टाका. शून्यावर असलेल्या पानावर कोणी पहिला होत नाही.

मग मॅचिंग. आपल्यातले पुष्कळ जण ज्या कंपन्यांत आहेत त्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकी रक्कम स्वतः घालतात. पण अर्ज देणाऱ्याने करायचा असतो, तुम्ही नाही. त्याला लागतं ते संस्थेचं कायदेशीर नाव, नऊ आकडी ईआयएन (संस्थेचा करक्रमांक) आणि पावती. हे तिन्ही आभाराच्या संदेशातच पाठवा. मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी. कुठे ३१ डिसेंबर, कुठे पुढच्या वर्षात काही आठवडे.

कराबाबत गोंधळ फार आहे. नोंदणी फी म्हणजे देणगी नव्हे. ४५ डॉलर भरून टी-शर्ट, पदक, चिपची वेळ मिळाली, तर त्या गोष्टींच्या बाजारभावापेक्षा जेवढं जास्त भरलं तेवढंच देणगीत धरता येतं, आणि तेही आयोजक ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था असेल तर. खाजगी कंपनीने भरवलेल्या शर्यतीची फी, "उत्पन्नाचा काही भाग अमुक संस्थेला" असं पोस्टरवर असलं तरी, देणगी होत नाही. ७५ डॉलरच्या वर भरून मोबदल्यात काही मिळालं असेल तर संस्थेनेच त्याची किंमत लेखी कळवायची असते. एकरकमी २५० डॉलर किंवा जास्त असेल तर संस्थेची लेखी पोच हवी, बँकेचं स्टेटमेंट पुरत नाही. तुमच्या पानावर मित्राने दिलेले पैसे त्याच्या नावावर, तुमच्या नाही. म्हणून रोख घेऊन स्वतःच्या कार्डाने भरू नका, पावती चुकीच्या नावावर निघते.

संस्था खरी आहे का ते आयआरएसच्या (इथल्या कर खात्याच्या) करमुक्त संस्थांच्या शोधपानावर ईआयएन टाकून दोन मिनिटांत कळतं. आणि "टी-शर्ट नको" असा पर्याय असेल तर घ्या. घरात आधीच ढीग असतो, संस्थेचा खर्च वाचतो.

गावाकडच्या शाळेसाठी मागू का, असं दरवर्षी कोणीतरी विचारतंच. भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या पैशांवर इथे वजावट मिळत नाही, आणि ८०जी ची पावती तिकडे कर भरणाऱ्याच्याच कामाची. त्या कामासाठी इथे नोंदलेली संस्था असेल तर तिच्यामार्फत द्या. मॅचिंगही बहुतेक वेळा तेव्हाच होतं.

घड्याळवाला

हिशोबनीसांचा ३३ चा आकडा बरोबर आहे, ८ + १० + ५ + ५ + ५.

खाण्याचं राहिलं म्हणून. ५ किमीसाठी आदल्या रात्री पोट फुगवण्याची काही गरज नाही. दोन-अडीच तास आधी टोस्ट आणि केळं, किंवा वाटीभर उपमा. आदल्या संध्याकाळी राजमा, उसळ, कोबी आणि तळण टाळा. सकाळी थंडीत पोर्टेबल शौचालयाच्या रांगेत कारण कळेल. गुरुवारची शर्यत संपल्यावर दुपारच्या मेजवानीची वाट बघू नका, पहिल्या तासात दूध-केळं किंवा वरण-भात पोटात जाऊ दे, २०-२५ ग्रॅम प्रथिनं भरतील असं बघा. मेजवानीत भरपूर खा, शनिवारच्या दहा किलोमीटरना ते उपयोगीच पडेल. वाइन मात्र बेतानं, झोप उथळ होते. थंडीत तहान कळत नाही, म्हणून पाणी ठरवून प्या.

एडिसनकर

वेळापत्रक छापून फ्रिजवर लावलं. शेवटचा प्रश्न: १ जानेवारीची शर्यत सकाळी १० ला आहे आणि ३१ च्या रात्री १ च्या आत कोणी झोपणार नाही. तरी जोर लावायचा का?

पोटरीपुराण

एका रात्रीच्या कमी झोपेने ५ किमीची वेळ फारशी बिघडत नाही, ३० आणि २९ ला नीट झोपलात तर. रात्री पिणं झालं असेल तर मात्र जोर लावू नका. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा; नेहमीपेक्षा ८-१० ठोके जास्त असेल तर ७ च्या पेसने गप्पा मारत पळा. आणि वॉर्म-अप पूर्ण १५ मिनिटं, १० ची सुरुवात असेल तर ९:३५ ला पळायला लागा.